बघणार किती फुटांवरून?

नालासोपाऱ्यातल्या एखाद्या होतकरू तरुणाने एकाच दुपारी दोन कामं काढली, की आपल्या फोटोला या देशात नेमकी किती किंमत आहे, हा प्रश्न त्याला पडल्यावाचून राहत नाही. पहिलं काम बँकेच्या परीक्षेच्या अर्जाचं. तिथे फोटो २०० बाय २३० पिक्सेलचा हवा, वजनाला २० केबीच्या खाली नको आणि ५० केबीच्या वर तर अजिबात नको; सहीने १४० बाय ६० पिक्सेलांत अंग चोरून बसायचं. दुसरं काम म्हणजे वसईच्या किल्ल्याचा स्वतः काढलेला फोटो छापील प्रतींसाठी ऑनलाइन विकायला ठेवणं. तिथे तीनशे डीपीआयचा दंडक लावला, तर बारा बाय अठराच्या प्रिंटला ३६०० बाय ५४०० पिक्सेल लागतात आणि वीस बाय तीसला ६००० बाय ९०००, म्हणजे ५४ मेगापिक्सेल. एका खिडकीवर फोटो जड झाला म्हणून परत येतो, दुसऱ्या खिडकीवर हलका पडला म्हणून परत येतो, आणि दोन्ही खिडक्यांवर लाल अक्षरांत एकच मजकूर झळकतो: कृपया योग्य आकाराचा फोटो अपलोड करा. बँकेचं एक वेळ समजू शकतं. तिला त्या चेहऱ्यात काडीचा रस नाही. परीक्षेला बसलेला इसम तोच आहे एवढी खात्री झाली की तिचं काम संपलं. पण फोटो विकणाऱ्यांना तर तो लोकांनी बघावा अशी इच्छा असते. तरीही तो कोण बघणार, कुठे टांगणार, किती लांबून बघणार, यातलं काहीही न विचारता ते थेट आकडा फेकतात. माझं म्हणणं सरळ आहे. रेझोल्यूशनची अट ही मुळात अंतराची अट आहे. फोटोत पिक्सेल किती, हे विचारण्याआधी बघणारा किती फुटांवर उभा राहणार, हे विचारलं पाहिजे. आणि वसई-विरारमध्ये हा प्रश्न विशेष सोपा आहे, कारण इथे माणसाने कुठे उभं राहायचं हे बिल्डर आणि पश्चिम रेल्वे यांनी त्याच्या वतीने आधीच ठरवून टाकलेलं असतं.

आधी त्या तीनशेच्या आकड्याचा हिशेब लावू. फोटोच्या फाईलमध्ये असतात ते फक्त पिक्सेल. आडवे किती आणि उभे किती, एवढीच तिची खरी मालमत्ता. डीपीआय हा फाईलच्या कपाळावर चिकटवलेला एक आकडा असतो. तो सांगतो की छापताना एका इंचात किती पिक्सेल बसवायचे. तो ७२ चा ३०० केला म्हणून फोटोत एका पिक्सेलचीही भर पडत नाही. फक्त छापील आकार आक्रसतो. बँकेच्या अर्जातला तो २०० बाय २३० चा फोटोही ३०० डीपीआयचा करता येतो. मग तो पाऊण इंचाच्या आसपास छापून निघतो, टपाल तिकिटासारखा, पण नियमात चोख बसतो. त्यामुळे आकार न सांगता नुसता ‘३०० डीपीआयचा फोटो पाठवा’ असा निरोप देणं म्हणजे ‘साठ रुपये डझनवाली केळी पाठवा’ म्हणण्यासारखं आहे. भाव कळला, पण डझन किती, ते वसईच्या वाडीवाल्याने ओळखायचं. गंमत अशी, की हा निरोप मिळाल्यावर गल्लीतला डिझायनर सॉफ्टवेअर उघडतो, ७२ खोडून ३०० लिहितो, फाईल परत पाठवतो, आणि पुष्कळदा ती मंजूरही होते. अट पाळली गेली, फोटो होता तसाच राहिला, दोन्ही पक्षांचं समाधान झालं. सरकारी कामकाजाशी ज्यांचा संबंध आला आहे त्यांना यात नवल वाटणार नाही.

हा तीनशेचा आकडा आकाशातून पडलेला नाही, हेही कबूल केलं पाहिजे. त्याला दोन वंशावळी आहेत. एक छापखान्याची. ऑफसेटवर गुळगुळीत कागदाचं मासिक छापताना इंचाला साधारण दीडशे ओळींची जाळी वापरतात, आणि जाळीच्या दुप्पट पिक्सेल दिले की निर्धास्त, असा छापखान्याचा जुना ठोकताळा आहे. दीडशे दुणे तीनशे. दुसरी वंशावळ डोळ्यांची. धडधाकट नजरेला एका अंशाच्या साठाव्या भागाइतक्या कोनातले दोन ठिपके जेमतेम वेगळे दिसतात. त्याचा व्यवहारी तर्जुमा असा: बघणाऱ्याचं अंतर इंचांत मोजायचं आणि ३४०० ला त्या आकड्याने भागायचं, येईल तो आकडा म्हणजे एका इंचात लागणारे पिक्सेल. एका फुटावर हे उत्तर २८३ येतं, म्हणजे तीनशेच्या अगदी शेजारी. तीन फुटांवर ९४. सहा फुटांवर ४७. दहा फुटांवर फक्त २८. म्हणजे तीनशेचा नियम खोटा नाही, तो मासिकाचा नियम आहे. हातात धरून, एका फुटावरून, मांडी घालून वाचायच्या कागदाचा. तो उचलून सोफ्यावरच्या फ्रेमला लावला आणि मग वीस बाय तीसचा प्रिंट मागणाऱ्या माणसाला ५४ मेगापिक्सेलचा दंड ठोठावला, ही चूक आकड्याची नव्हे, त्याला नको तिथे नेमणाऱ्याची आहे. प्रिंटची लांबी-रुंदी भिंतीवर मोजतात, रेझोल्यूशन जमिनीवर मोजायचं असतं.

पुरावा हवा असेल तर विरार स्टेशनच्या बाहेर पडून मान वर करावी. वाढदिवसाचा फ्लेक्स हा आपल्याकडचा सर्वांत मोठा छायाचित्र-व्यवसाय आहे आणि त्यात कुणी कुणाला डीपीआय विचारत नाही. मध्यभागी साहेबांचा चार फूट उंचीचा चेहरा असतो. तो बघायचा चाळीस फुटांवरून, रिक्षात बसून, सिग्नल सुटण्याच्या आत. चाळीस फूट म्हणजे ४८० इंच. ३४०० ला भागलं की इंचाला सात पिक्सेल. अठ्ठेचाळीस इंच उंच चेहऱ्याला साडेतीनशेच्या आत पिक्सेल पुरले. म्हणजे साहेबांचं अख्खं भव्य मुखमंडल बँकेच्या अर्जातल्या फोटोपेक्षा काकणभर मोठ्या फोटोत भागतं. आता नजर खाली आणावी. तळाला ‘शुभेच्छुक’ म्हणून पंधरा-वीस जणांची ओळ असते, चेहरा चार इंचांचा. हे चेहरे चाळीस फुटांवरून कुणी बघत नाही. ते बघतो फक्त ज्याचा त्याचा मालक, आणि तो फ्लेक्सला नाक लावून, एका फुटावरून, आपण दुसऱ्या रांगेत का गेलो याचा शोध घेत बघतो. तिथे चार गुणिले २८३, म्हणजे अकराशेच्या वर पिक्सेल हवेत. साहेबांच्या तिप्पट! प्रत्यक्षात कार्यकर्त्याचा फोटो येतो कुठून, तर कुणाच्या तरी लग्नातल्या ग्रुप फोटोतून कापलेला, तीनदा फॉरवर्ड झालेला, आणि डाव्या खांद्यावर मालकाचा पत्ता नसलेला एक हात शिल्लक राहिलेला. साहेबांचा फोटो मात्र स्टुडिओत खास काढून घेतलेला, चोवीस मेगापिक्सेलचा. गरज एकाला, सोय दुसऱ्याला. वसई-विरार महापालिकेची मुदत २०२०च्या जूनमध्ये संपली आणि पुढची निवडणूक पाच वर्षांहून अधिक काळ रखडली. तेवढ्या काळात किती ‘भावी’ चेहरे उन्हात विटून गेले असतील, याचा हिशेब मांडला तर लक्षात येईल की फ्लेक्सच्या धंद्यात पिक्सेलांपेक्षा शाईला आणि शाईपेक्षा आशेला जास्त टिकावं लागतं.

अंतराचा हा नियम फक्त आपल्या नाक्यावर चालतो असं कुणी म्हणू नये. न्यूयॉर्कच्या ग्रँड सेंट्रल स्टेशनात कोडॅक कंपनीने १९५० ते १९९० अशी चाळीस वर्षं ‘कलोरामा’ नावाची प्रचंड रंगीत पारदर्शिका टांगली होती, १८ फूट उंच आणि ६० फूट रुंद. खालून घाईघाईने जाणाऱ्या प्रवाशांपैकी कुणी शिडी लावून तिचे कण मोजायला गेला नाही. २०१५ साली ॲपलने जगभर होर्डिंगं लावली, ती आयफोन ६ वर काढलेल्या फोटोंची. त्या फोनचा कॅमेरा आठ मेगापिक्सेलचा. तीनशेच्या नियमाने त्या फोटोचा जेमतेम अकरा बाय आठ इंचांचा प्रिंट निघाला असता. तो इमारतीच्या भिंतीवर चढला आणि लोकांनी फोनचं कौतुक केलं. याच्या बरोबर उलटं टोक बघायचं असेल, तर विरार फास्ट पकडावी. दाराजवळच्या पत्र्यावर कर्ज, पार्टटाइम जॉब आणि वशीकरण यांची चिटोरी डकवलेली असतात, आणि गर्दीचा रेटा असा की ती वाचायची तर चार इंचांवरून वाचावी लागतात. सूत्राप्रमाणे तिथे इंचाला साडेआठशे पिक्सेल लागतील. जगातल्या कुठल्याही कलादालनाने एवढी मागणी केलेली नाही. सुदैवाने चार इंचांवर बहुतेक प्रौढ माणसांचा डोळा फोकसच करू शकत नाही, म्हणून ती चिटोरी वाटेल तशी छापली तरी धंदा अडत नाही. तर, दोन्ही मजकूर रेल्वेच्या प्रवाशांसाठीच, एक चित्र साठ फुटांचं आणि दुसरं चार इंचांवरचं. दोघांना एकच आकडा लावणारा नियम स्टेशनात शिरलेला नसणार.

आता घरात येऊ, कारण ऑनलाइन प्रिंट विकत घेणारा तो घरासाठीच घेतो. नालासोपारा पूर्वेच्या वन रूम किचनमध्ये हॉल दहा फूट रुंद धरू. एका भिंतीला सोफा, समोरच्या भिंतीला टीव्ही. मोठा फोटो कुठे लावतात? सोफ्याच्या वर. घरातली माणसं कुठे बसतात? सोफ्यावर, फोटोकडे पाठ करून. त्या फोटोकडे सरळ तोंड करून चोवीस तास बघत असतो तो एकटा टीव्ही. पाहुणा आला तर तो प्लास्टिकच्या खुर्चीत टीव्हीच्या बाजूला बसतो आणि आठ फुटांवरून फोटो बघतो. तिथे इंचाला ३५ पिक्सेल पुरतात. वीस बाय तीसच्या प्रिंटला ७०० बाय १०५० झाले, म्हणजे पाऊण मेगापिक्सेलच्याही आत. संकेतस्थळ मागत होतं ५४. सत्तरपटीहून जास्त मागणी, आणि ती कुणाच्या डोळ्यांसाठी, तर कुणाच्याच नाही. पश्चिमेला आगाशी, निर्मळ, भुईगाव, नंदाखाल या पट्ट्यातली जुनी वाडीतली घरं ऐसपैस आहेत, तिथे बैठकीच्या खोलीत फोटो दाराच्या वर टांगलेले असतात, किंचित पुढे झुकवून. तिथेही अंतर सात-आठ फुटांच्या खाली येत नाही. वसई-विरारमध्ये नवी इमारत असो की जुनी वाडी, भिंतीवरच्या फोटोला एका फुटावरून बघण्याची संधी मिळते ती फक्त जाळी-जळमटं काढणाऱ्याला.

यावर पहिला आक्षेप ठरलेला आहे: माणसं जवळ जाऊन बघतात हो! बघतात, मान्य. पण कोण बघतो आणि काय बघतो, ते नीट पाहिलं तर हा आक्षेप माझ्याच बाजूला येऊन बसतो. राजा रविवर्म्याने १८९४ साली मुंबईत छापखाना काढला, पुढे तो लोणावळ्याजवळ मळवलीला गेला, आणि तिथून निघालेल्या लक्ष्मी-सरस्वती घरोघरच्या भिंतींवर विराजमान झाल्या. शिळाछापाच्या त्या चित्रांना भिंग लावलं तर देवीच्या गालावर ठिपक्यांची रांगोळी दिसते. तीन पिढ्यांनी त्यांना हात जोडले, पण ठिपक्यांबद्दल तक्रार नोंदवल्याचं ऐकिवात नाही. विरारला जीवदानीच्या डोंगरावर तेराशेच्या आसपास पायऱ्या चढून गेलेला भाविक देवीची तसबीर घेतो, तेव्हा तो दम लागलेल्या डोळ्यांनी आधी देवीचा मुखवटा बघतो आणि मग किंमत विचारतो. भक्त नाक लावून बघत नाही. नाक लावून बघणारे दोनच प्रकार: दुसरा फोटोग्राफर, आणि ग्रुप फोटोतला नातेवाईक. पहिला विकत घेत नाही, तेव्हा त्याचा विचार करायचं कारण नाही. दुसरा मात्र महत्त्वाचा आहे. किल्ल्याच्या फोटोत कुणी स्वतःला शोधत नाही. चिमाजी अप्पांनी १७३९ साली घेतलेला हा किल्ला आपल्या जागी आहे, एवढं लांबून दिसलं की झालं. पण लग्नाच्या ग्रुप फोटोत पन्नास माणसं असतील, तर पन्नास जणांना फक्त एकेकच चेहरा बघायचा असतो, आणि तो एका फुटावरून. म्हणजे तोच आकार, तीच भिंत, पण फोटोत काय आहे यावर बघणाऱ्याचं अंतर बदलतं. निसर्गदृश्याला तीनशे मागणारा आणि ग्रुप फोटोला दीडशेवर सोडणारा दुकानदार दोन्हीकडे चुकतो.

ग्रुप फोटोला आणखी एक अपघात होतो, ज्याकडे पिक्सेल मोजणाऱ्यांचं लक्ष नसतं. कॅमेऱ्याचा फोटो असतो तीनास दोन या प्रमाणात, आणि गिऱ्हाईक फ्रेम आणतं आठ बाय दहाची. तीनास दोनातून पाचास चार काढायचे, तर लांबीचा सहावा भाग उडवावा लागतो. बारा जणांच्या रांगेतून दोघं गेले, या टोकाचा एक आणि त्या टोकाचा एक. आणि रांगेच्या टोकाला कोण उभं असतं? जे शेवटी येतात, ज्यांना ‘अहो तुम्हीपण या ना’ म्हणून ओढून आणावं लागतं: एकीकडे जावई आणि दुसरीकडे रुसलेले काका. तीनशे डीपीआयची काटेकोर अट पाळून, एकही पिक्सेल न फाटता, जावयाला फ्रेमबाहेर काढलेलं आहे. याचे जे परिणाम होतात, त्यांच्यापुढे फोटो थोडा धूसर येणं ही क्षुल्लक गोष्ट आहे. संकेतस्थळं ज्या त्वेषाने डीपीआय विचारतात, त्याच्या निम्म्या त्वेषाने त्यांनी लांबी-रुंदीचं प्रमाण विचारलं असतं, तर किती घरांतली दिवाळी सुखात गेली असती.

दुसरा आक्षेप शहाणपणाचा वाटतो: जास्त पिक्सेल असले तर बिघडतं कुठे? बिघडतं. एक तर सगळे पिक्सेल कामाला येत नाहीत. १०८ मेगापिक्सेलचा म्हणून मिरवणारा फोन सहसा नऊ-नऊ बिंदूंची मोट बांधून हातात १२ मेगापिक्सेलच ठेवतो. जाहिरातीतला आकडा आणि पदरी पडणारा आकडा यांच्यातलं नातं बिल्डरच्या ‘सुपर बिल्टअप’ आणि ‘कार्पेट’ यांच्यासारखं असतं, हे वसईकराला समजावून सांगायला नको. शिवाय अर्नाळ्याच्या किनाऱ्यावर संध्याकाळी हात हलला, तर हललेला फोटो १२ मेगापिक्सेलमध्ये हललेला दिसतो आणि १०८ मध्ये अधिक तपशिलाने हललेला दिसतो. आणि या अतिरेकी अटीची सर्वांत वाईट शिकवण अशी, की ती माणसाला खोटे पिक्सेल तयार करायला लावते. हल्ली कृत्रिम बुद्धिमत्तेची साधनं लहान फोटो चौपट मोठा करून देतात. ती साधनं नसलेला तपशील आठवत नाहीत, कल्पनेने रचतात. किल्ल्याच्या तटावर त्यांनी दोन-चार दगड पदरचे घातले, तर पुरातत्त्व खात्याशिवाय कुणाला कळणार नाही. पण आजोबांच्या चेहऱ्यावर तोच प्रयोग केला, की त्वचा पंचविशीची, भुवया कोरलेल्या आणि डोळे भलत्याच गृहस्थाचे. अट पूर्ण होते, आजोबा बदलतात.

तिसरा आक्षेप व्हॉट्सॲपचा, आणि त्यात तथ्य आहे. गिऱ्हाईक फोटो पाठवतं तो व्हॉट्सॲपवर, आणि साध्या पद्धतीने पाठवलेला फोटो तिथे लांबीला १६०० पिक्सेलांच्या आसपास आणून सोडला जातो. बारा मेगापिक्सेलचा फोटो पलीकडे पोचेपर्यंत दोनवर आलेला असतो. सहापैकी पाच हिस्से वाटेत उतरले. दुकानदार म्हणतो, फोटो फाटतोय. गिऱ्हाईक म्हणतं, माझ्या मोबाइलवर तर एकदम क्लिअर दिसतो. दोघंही खरं बोलतात. फोनच्या सहा इंची लांबीत १६०० पिक्सेल म्हणजे इंचाला २६६, एका फुटावरून बघायला जवळजवळ पुरेसे. तोच फोटो तीस इंचांवर ताणला की इंचाला ५३ उरतात. माझ्या सूत्राप्रमाणे आठ फुटांवरून तेही चालायला हवेत. संख्येच्या बाबतीत चालतातही. पण व्हॉट्सॲप नुसते पिक्सेल कमी करत नाही, उरलेल्यांना पिळूनही काढतं. जेपेग पद्धतीत फोटोचे आठ बाय आठ पिक्सेलांचे चौकोन पाडून दाबतात; तीस इंचांच्या प्रिंटवर असा प्रत्येक चौकोन जवळजवळ चार मिलिमीटरचा होतो, आणि कळंबच्या समुद्रावरचं मावळतीचं आकाश बाथरूमच्या टाइल्ससारखं दिसायला लागतं. तेव्हा इथे दुकानदाराचा आग्रह रास्त आहे. मात्र त्याने मागायचं ते तीनशे डीपीआय नव्हे; त्याने सांगायचं, की तोच फोटो डॉक्युमेंट म्हणून पाठवा. ते पाच शब्द सांगितले की निम्मे तंटे मिटतात. पण डीपीआय म्हटलं की दुकानदार तज्ज्ञ वाटतो, आणि डॉक्युमेंट म्हटलं की शेजारी वाटतो, ही अडचण आहे.

अटीचा खरा जाच होतो तो वेगळ्याच ठिकाणी. घरातलं वडीलधारं माणूस गेलं, दहाव्याच्या आत किंवा पहिल्या मिसेला फोटो लागतो, आणि शोधाशोध केल्यावर कळतं की ज्यांनी आयुष्यभर सगळ्यांचे फोटो काढायला लावले, त्यांचा स्वतःचा एकट्याचा एकही धड फोटो नाही. मिळतो तो कुठल्याशा साखरपुड्यातला, दहा जणांच्या रांगेत सातवे. फोटो ४००० पिक्सेल रुंद धरला तरी प्रत्येकाच्या वाट्याला चारशे, त्यात चेहरा दीडशे. दुकानदार म्हणतो, ओरिजिनल द्या. घरचे म्हणतात, हाच ओरिजिनल आहे. दुकानदार म्हणतो, मग दुसरा काढून आणा. आणि बोलून झाल्यावर जीभ चावतो. तीनशेच्या नियमाने तो चेहरा अर्धा इंच छापायचा, म्हणजे हार घालायला जागाच नाही. अंतराचा नियम मात्र इथे माणुसकीने वागतो. बारा बाय अठराच्या प्रिंटवर चेहरा पाच इंचांचा केला, तर इंचाला ३० पिक्सेल आले. साडेनऊ फुटांवरून तो बिनतक्रार दिसेल. खोली तेवढी मोठी नसेल, तर आठ बाय दहाचा प्रिंट घ्यावा, चेहरा तीन इंचांचा, इंचाला ५० पिक्सेल. पावणेसहा फुटांवरून चालेल. वाडवडिलांचे फोटो उंचावर, दाराच्या माथ्यावर टांगायची रीत ज्यांनी पाडली, त्यांनी आदरापोटी पाडली असेल. पण ऑप्टिक्सच्या दृष्टीनेही त्यांचं काही चुकलेलं नाही.

एवढं झाल्यावर मुख्य सिद्धांत मांडायला हरकत नाही. मोठा प्रिंट माणूस आपसूकच लांबून बघतो, कारण जवळून तो डोळ्यांत मावत नाही. साधारणपणे प्रिंटच्या कर्णाइतक्या अंतरावर उभं राहिलं की अख्खं चित्र एका नजरेत येतं. आता कर्ण दुप्पट झाला, तर अंतर दुप्पट झालं. अंतर दुप्पट झालं, तर इंचाला लागणारे पिक्सेल निम्मे झाले. इंच दुप्पट आणि पिक्सेल निम्मे, म्हणजे एकूण बेरीज होती तिथेच. तीनास दोन प्रमाणाचा कुठलाही प्रिंट घ्या, बारा बाय अठराचा वा स्टेशनवरच्या होर्डिंगाएवढा, कर्णाइतक्या अंतरावरून बघायला साडेपाच मेगापिक्सेलांच्या आसपासच लागतात. साहेबांचा फ्लेक्स, आठ मेगापिक्सेलचं होर्डिंग आणि सोफ्यावरचा किल्ला, या सगळ्यांचं गणित एकच आहे. ऑनलाइन दुकानांचा जो तक्ता आकारागणिक चढत जातो, ८ बाय १० ला सव्वासात मेगापिक्सेल, १२ बाय १८ ला साडेएकोणीस, २० बाय ३० ला चोपन्न, तो अशा गिऱ्हाइकासाठी आहे, जे वीस बाय तीसचा प्रिंट घेतं आणि मग एका फुटावर उभं राहून त्याचा एक कोपरा बघतं. असं गिऱ्हाईक नाही असं नाही. पण त्याच्यासाठी बाकीच्या सगळ्यांचे फोटो परत पाठवायचं कारण नाही.

शेवटचा आक्षेप विकणाऱ्याचा, आणि तो सहानुभूतीने ऐकला पाहिजे. तो म्हणतो, गिऱ्हाईक पार्सल उघडतं ते हातात धरून, भिंतीवर लावून नव्हे. त्या पहिल्या क्षणी अंतर एक फुटाचंच असतं, आणि ‘रिटर्न’चं बटण त्याच क्षणी दाबलं जातं. हे खरं आहे. कुरिअरचा खर्च, फुटलेली काच, परतीचा माल आणि वर एका चांदणीचं मूल्यांकन, यापेक्षा एक लाल इशारा लावून टाकणं स्वस्त पडतं. पण त्यावरचा उपाय पिक्सेल वाढवणं हा नाही. ऑर्डरच्या पानावर तीन प्रश्न घालावेत: कुठल्या भिंतीवर लावणार? समोर किती फूट मोकळी जागा आहे? फोटोत तुम्ही स्वतः आहात का? तिसऱ्या प्रश्नाला ‘हो’ आलं तर पिक्सेल वाढवून मागावेत. ‘नाही’ आलं तर पहिल्या दोन उत्तरांवर भागाकार करावा. आणि पार्सलमध्ये एक चिठ्ठी टाकावी: भिंतीवर लावून, दोन पावलं मागे सरकून बघा. ज्यांच्या हॉलमध्ये दोन पावलं मागे सरकायला जागा नाही, त्यांना प्रामाणिकपणे लहान प्रिंट सुचवावा; त्यांच्या फोटोतल्या पिक्सेलांत तो लखलखीत येईल. लहान प्रिंटमध्ये दुकानदाराला पैसे कमी सुटतात, हेही खरं, आणि या सबंध युक्तिवादातला तेवढाच एक आक्षेप मला खोडता आलेला नाही.